पॉवर प्रेससमोर टिल्ट लेन्स

"फक्त स्टूल आणि बटणं स्वच्छ दिसू द्या. वरचं सगळं धूसर करा. ब्रोशरमध्ये केलं होतं तसं," प्लँट मॅनेजर म्हणाले.

समोर पॉवर प्रेस बंद होती. पत्र्याला दाबून आकार देणारं हे मशीन. आदल्या दिवशी त्यात ऑपरेटर कैलासच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. फरशी धुतलेली होती, तरी बुटाखाली चिकट लागत होतं.

मी इंडस्ट्रियल फोटोग्राफर. स्टुडिओ क्रांती चौकाजवळ. या कंपनीच्या ब्रोशरसाठीच मी टिल्ट लेन्स घेतली होती. नॉब फिरवला की या लेन्सचं तोंड तिरकं होतं. मग फोटोत एकच पट्टा स्वच्छ राहतो, बाकीचं विरघळतं. ऑटोफोकस नाही. पडेगावला घराच्या गच्चीवर विटा मांडून मी कित्येक रविवार तिच्याशी झटत होतो. तोंड दुसरीकडे बेतानं वाकवलं तर जवळचं आणि लांबचं एकदम स्वच्छ येतं, हेही वाचलं होतं. ते मात्र कधी जमलं नव्हतं.

"वरचं म्हणजे काय, साहेब?"

"तो ब्रॅकेट. ऑपरेटरनं स्वतःच गार्ड काढला, असं अपघाताच्या रिपोर्टमध्ये जातंय. उगाच प्रश्न नकोत."

गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. ती या लोखंडी ब्रॅकेटवर बोल्टनं बसते. मी जवळ जाऊन बघितलं. बोल्टच्या भोकांत मशीनचा रंग भरून वाळला होता. वर ग्रीसचा जुना काळा थर. म्हणजे मशीन रंगवलं तेव्हापासून तिथं बोल्टच नव्हते.

मी ट्रायपॉड लावला आणि नॉब दुसरीकडे फिरवला. स्टूल आलं की ब्रॅकेट जायचा. ब्रॅकेट आला की स्टूल. मॅनेजर घड्याळ बघत होते. टिल्ट थोडा कमी केला, फोकस परत घेतला, अजून कमी केला. एकदाचं स्टूल, बटणं, ब्रॅकेट, भोकांतला रंग, सगळं एका फ्रेममध्ये लख्ख आलं. जमलं, पण जराही आनंद झाला नाही.

मी त्यांना स्क्रीन दाखवली.

"हे काय? डिलीट करा."

"नाही करणार, साहेब. आणि धूसर फोटोही नाही काढणार."

"मग आम्हीच मोबाइलवर काढतो. निघा तुम्ही. परत या गेटवर दिसू नका."

मी प्रिंट काढली आणि हॉस्पिटलमध्ये गेलो. कैलास देवगाव रंगारी या गावचा. हाताला मनगटापर्यंत बँडेज होतं. त्यानं डाव्या हातानं फोटो धरला.

"सायेब, सुपरवायझरला लई वेळा म्हणलो, जाळी लावा. आता म्हणत्यात, म्याच काढली."

शेजारी त्याची बायको बसली होती. तिनं विचारलं, "भाऊ, ह्या फोटूनं हात नीट व्हईल का?"

"नाय, ताई."

तिनं नवऱ्याच्या हातातून फोटो घेतला आणि जपून पिशवीत ठेवला.

चौकशीत कैलासच्या वकिलानं तो फोटो मोठा करून ठेवला. भोकांतल्या रंगाचं उत्तर कंपनीकडे नव्हतं. रिपोर्टमधून 'ऑपरेटरची चूक' हे शब्द निघाले आणि कैलासला भरपाई मिळाली. नोकरी गेली ती गेलीच. तो गावी परतला. मॅनेजर अजून त्याच खुर्चीवर आहेत. माझी मात्र त्या औद्योगिक पट्ट्यातल्या इतर कंपन्यांचीही कामं हळूहळू बंद झाली.

आता फॅक्टरीतून फोन आला की मी आधी विचारतो, फोटो कशासाठी हवाय आणि तो कोण बघणार. कोणती लेन्स घ्यायची, ते त्यानंतर.