टिंबाएवढी डगमग

पंपांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या त्या माणसाचं खरं नाव रेशनच्या कागदापुरतंच उरलं होतं. कारखान्यात सगळे त्याला मायक्रॉन म्हणत. निवृत्त होऊन या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यावर शेजाऱ्यांनी त्याला नुसतं 'काका' जोडून दिलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एकदा म्हणे तपासनीसाने पास केलेला शाफ्ट फिरताना बघून काका म्हणाले होते, "हा थोडा आऊट चालतोय, परत मोजा." मोजला तर खरंच आऊट, म्हणजे केसभर वाकडा फिरणारा. तेव्हापासून ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना काकांचे हात कापायला लागले. आधी कप उचलताना, मग सही करताना, मग मायक्रोमीटर धरताना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नुसता कंप आहे, जिवाला धोका नाही." काका म्हणाले, "जिवाला नसेल हो, पण पोटावर आलाय की." ती दोन वर्षं त्यांनी इतरांचं काम तपासण्यात काढली. निरोपाच्या दिवशी फोटोत सगळ्यांचे हात हारांवर आहेत आणि काकांचे दोन्ही खिशात.

त्यानंतर त्यांनी दाढी वाढवली. लोक म्हणाले, शोभते. वस्तरा धरवत नाही म्हणून ती वाढवली आहे, हे फक्त काकूंना ठाऊक होतं. कुणाकडे गेले तर चहा नको म्हणायचे, पित्ताचं कारण द्यायचे. पुढे जाणंच बंद केलं. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. घरात नळ गळला तरी काका म्हणत, "प्लंबरला बोलवा." काकूंना ते लागायचं. जो माणूस हॉटेलात गेला तरी डगमगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी घातल्याशिवाय जेवायला बसायचा नाही, तो आता घरातलं टेबल डगमगलं तरी मान वर करत नव्हता.

त्यांच्या वरच्या मजल्यावर एक ताई राहायच्या. वयाच्या चौथ्या वर्षी आजारपणात दृष्टी गेली ती गेलीच. पण एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम केलं. कुणी नुसता घसा खाकरला तरी कुठल्या वॉर्डातून फोन आहे ते सांगायच्या. एकट्याच राहायच्या, स्वयंपाक स्वतः करायच्या. जिन्यातून उतरताना पायऱ्या मोजत नाहीत, गप्पा मारतात, असं काकू कौतुकाने सांगत.

या ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हौसेसाठी एक मोठी वस्तू घेतली, ती म्हणजे नवाकोरा रेकॉर्ड प्लेयर. लहानपणी त्यांच्या शाळेत गाण्याचे गुरुजी शनिवारी रेकॉर्डी लावत. सुई टेकण्याआधीची ती खरखर त्यांच्या कानात चाळीस-पन्नास वर्षं बसून होती. प्लेयर आला, लागला, आणि दुसऱ्याच दिवशी ताईंना कळलं की काहीतरी बिनसलंय. लांबवर ओढलेला स्वर सरळ जात नव्हता. दर फेऱ्याला किंचित वर जायचा आणि खाली यायचा, झोपाळ्यावर बसून गायल्यासारखा.

दुकानातला माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "नवीन मशीन आहे, थोडं हलतंच. आणि ताई, तुम्हाला दिसत तर नाही, मग डगमगतंय हे कशावरून? भास असेल."

ताईंनी हे जिन्यात काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. काकूंनी मागचापुढचा विचार न करता शब्द देऊन टाकला, "आमचे हे बघतील की! फिरणाऱ्या वस्तूंत तर यांचा जन्म गेला."

घरी आल्यावर अर्थातच बोलाचाली झाली.

"तू मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"अगं, माझे हात..."

"हात कुणी मागितलेत? बघायला बोलावलंय. डोळे आहेत ना अजून धड?"

काकूंनी स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी स्वतःच उतरवली आणि फडक्याने पुसून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काका वर गेले. मनात एक ओशाळवाणं समाधान होतं: या बाईला आपले हात दिसणार नाहीत. ताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नको म्हणायच्या आत चहाही आणून ठेवला. तो कपबशीतला चहा काकांनी उचलला मात्र, आणि बशी अशी खडखडली की खोलीत दुसरं काही ऐकूच येईना. काकांची कानशिलं तापली.

ताई उठल्या. आत जाऊन जाड बुडाचा, मोठ्या कानाचा एक मग घेऊन आल्या. "दादा, यात ओता. बशी उगाच सुंदर दिसायला असते, मला तिचा काय उपयोग?" आणि बसता बसता अगदी सहज म्हणाल्या, "कंप आहे ना हाताला? काकूंनी नाही सांगितलं हं. पेटीची कडी उघडताना तीनदा वाजली."

काकांना वाटलं, आता उठावं आणि जावं. पण ताईंनी पुढे ना हळहळ केली ना कुठल्या डॉक्टरचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, "मला आधी हे सांगा, डगमग खरी आहे की माझा भास?"

काकांनी तो मग दोन्ही हातांनी धरून चहा संपवला. परक्याच्या घरात तीन वर्षांनी प्यायलेला तो पहिला चहा. मग ते वाकले, डोळे प्लेयरच्या थाळीच्या पातळीला आणले आणि म्हणाले, "फिरवा."

ज्या जड थाळीवर रेकॉर्ड ठेवतात, ती फिरू लागली. दोन फेऱ्यांतच काका सरळ झाले. "भास कसला, ताई! चांगली आऊट चाललीय. आंधळ्यालाही..." आणि त्यांनी जीभ चावली.

ताई इतक्या मोठ्याने हसल्या की काकांनाही हसू फुटलं. "कळलंच की आंधळीला! डोळसालाच कळलं नाही."

तिथून पुढे काका कामाला लागले. आधी टेबल. पाणपातळी ठेवून पाहिली, बुडबुडा बरोबर मधे. मग थाळीवरची रबराची चकती काढायला लावली. रेकॉर्ड वाकडी नाही, चकती फुगलेली नाही, दोष थाळीतच किंवा तिच्याखाली. आता किती आहे ते मोजायचं. पेटीतून डायल गेज निघालं. घड्याळासारखी तबकडी, खाली टोचणी. टोचणी केसभर हलली तरी काटा फिरतो. पण त्याचा स्टँड चुंबकाचा, लाकडी टेबलाला चिकटेना.

"ताई, घरात जड लोखंडाचं काय आहे?"

"तवा आहे."

"आणा. पालथा घाला."

पालथ्या तव्यावर चुंबक खट्कन बसला. टोचणी थाळीच्या काठावर टेकवणं काकांना तीनदा जमलं नाही. चौथ्यांदा ते म्हणाले, "तुमचा हात द्या. मी सांगतो तसं." खाली, अजून खाली, थोडं डावीकडे, बस, आता तो स्क्रू आवळा. ताईंनी आवळला. "आता थाळी हाताने फिरवा, सावकाश." काटा निघाला आणि जवळजवळ अख्खा वेढा घालून परत आला.

"म्हणजे किती?"

"एक मिलिमीटरपेक्षा थोडं कमी. आमच्याकडे एवढं आऊट काम कुणी दाखवलं असतं, तर त्याला दाराबाहेर उभा केला असता."

जिथे थाळी सर्वात उंच होती, तिथे ताईंनी खडूची रेघ मारली. मग काकांनी थाळी उचलायला लावली आणि अर्धा फेरा वळवून परत बसवायला सांगितली. "दोष थाळीत असेल तर उंचवटा रेघेपाशीच राहील. खालच्या चाकात असेल तर रेघेसमोर जाईल." परत फिरवलं. उंचवटा बरोबर रेघेच्या समोर निघाला. काकांनी मांडीवर थाप मारली. "थाळी निर्दोष आहे! चोर खाली बसलाय."

खाली काळ्या प्लॅस्टिकचं एक छोटं चाक होतं. पट्टा त्याला फिरवतो, आणि थाळी त्याच्यावर बसते. काकांनी बॅटरी मारून पाहिलं, चष्मा बदलून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. काळ्यावर काळं, काही दिसेना. भिंग हातात असं नाचत होतं की चाकच डगमगतंय की काय असं वाटावं. बोटाने चाचपून पाहावं म्हटलं, तर बोट एका जागी ठरेना.

"दादा, मी बघू?" ताईंनी विचारलं.

काकांनी चाक त्यांच्यापुढे सरकवलं. ताईंनी उजव्या हाताची तर्जनी वरच्या काठाला टेकवली आणि पुस्तकाची ओळ वाचावी तशी हळूहळू गोल नेली. पाऊण फेरा झाला आणि बोट थांबलं. मागे गेलं, पुढे आलं.

"इथे एक टिंब आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या ब्रेलमध्ये असतं ना, त्याहून थोडं लहान. धारदार आहे."

काकांनी त्यांच्या बोटाखाली बॅटरी तिरकी धरली. साच्यातून निघताना राहिलेलं, मोहरीच्या पाव दाण्याएवढं प्लॅस्टिकचं कुसळ. कारखान्यात त्याला बर म्हणतात. एवढंसं ते, पण त्याने अख्ख्या थाळीला एका बाजूने उचलून धरलं होतं.

"सापडलं!" काका ओरडले. खालच्या मजल्यावर काकूंच्या हातातलं काम थांबलं. त्या आवाजात ते किती दिवसांनी बोलले होते!

आता ते काढायचं. काकांनी बारीक पॉलिश पेपर आइसक्रीमच्या चपट्या काडीला गुंडाळला आणि ताईंच्या हातात दिला.

"मी? दादा, माझ्याकडून खड्डा पडला तर?"

"नाही पडणार. श्वास सोडा आणि मगच हात चालवा. एकाच दिशेने. दाबायचं नाही, कागदाच्या वजनाने घासू द्या. तीनदा घासलं की बोटाने बघायचं. मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला हेच शिकवलंय."

तीनदा घासायचं, बोट फिरवायचं. पुन्हा तीनदा. पाचव्या खेपेला ताई म्हणाल्या, "आता टिंब नाही, नुसती आठवण आहे." सहाव्या खेपेला ती आठवणही गेली. काकांनी ओल्या फडक्याने भुकटी पुसून घ्यायला लावली, थाळी बसवायला लावली, गेज लावायला लावलं. या वेळी ताईंनी ते पहिल्याच फटक्यात लावलं. थाळी फिरली. तबकडीच्या शंभर घरांपैकी काटा सहा घरं गेला आणि सहा घरं परत आला.

"अजून थोडं घासू?"

"अजिबात नाही," काका म्हणाले. "आता याला हात लावणारा मूर्ख. काम झालं की थांबता आलं पाहिजे. मला ते शिकायला दहा वर्षं लागली."

ताईंनी रेकॉर्ड लावली. एकाच तारवाद्याची, गजाने वाजवलेली. पहिला लांब स्वर निघाला आणि सरळ चालत राहिला. ताईंनी मान कलती केली होती, ओठ घट्ट मिटले होते. बाजू संपली. मग ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दादा, त्या माणसाने भास म्हटल्यावर मी आठवडाभर स्वतःच्या कानांवर शंका घेत होते. माझ्याकडे कान सोडून आहे काय? ते तुम्ही मला परत दिलेत."

काकांनी पेटीची कडी लावली. मग ते सावकाश म्हणाले, "ताई, मला वाटत होतं की माझं सगळं कसब हातात होतं आणि हातांबरोबर गेलं. आज कळलं, ते अजून आहे. त्याला फक्त उसने हात लागतात. तुमचे आभार मी कसे मानू, मला येत नाही ते."

"मग मानू नका. परवा या. दुसरी बाजू ऐकायची राहिलीय."

काका परवा गेले, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही. काकूही सोबत जाऊ लागल्या. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा बघायला मिळायचा.

महिन्याभराने दुकानातल्या माणसाचा ताईंना फोन आला. आवाज पडला होता. त्याच मशीनच्या आणखी तीन तक्रारी आल्या होत्या, कंपनी उत्तर देत नव्हती, आणि ताईंचं मशीन म्हणे दुरुस्त झालंय, हे खरं का? कुणी केलं? ताई म्हणाल्या, "आम्ही दोघांनी. पण आधी 'भास' या शब्दाबद्दल बोलू." त्याने माफी मागितली. नुसती तोंडदेखली नाही. बिचारा अडखळत, आपली चूक नीट उच्चारून बोलला. ताईंनी मोठ्या मनाने ती घेतली.

मग एका सकाळी ताईंनी काकांचं कोपर धरलं आणि दोघं चालत दुकानात गेले. वाटेत काका उंचवटे, पायऱ्या, उघडी गटारं सांगत होते आणि ताई मागून येणाऱ्या सायकली. त्याच माणसाने तीन मशीन मांडून ठेवली होती. पहिल्या दोन्हींत तेच कुसळ निघालं. तिसऱ्यात चाक साफ होतं, थाळीच वाकली होती. काका म्हणाले, "ही परत पाठवा. हिला घासून उपयोग नाही, आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा." त्याने मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय झालं?" आणि काका सांगायला बसले. पहिल्या मशीनपासून सुरुवात केली. खडूची रेघ कुठे मारली, काटा किती घरं फिरला, ताईंचं बोट कुठे थांबलं, सगळं. काकूंना त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. त्या हं हं म्हणत होत्या, भाजी निवडत होत्या. निवडून झाली तरी त्या उठल्या नाहीत. काका अजून दुसऱ्या मशीनवरच होते.