वीस रुपयांत दोनशे गाणी

अक्षर माझं गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत शाळेबरोबरच सुटलं. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

आमच्या गिरणीतली मावशी गाण्याआधी गुळाचा खडा गालात धरायची, मग कानावर हात ठेवायची. तो हात वर गेला की आम्ही बायका गप्प. कोल्हापुरात मिरची कांडपाच्या गिरणीत आम्ही देठं खुडायचो. तिखट उडून सगळ्यांचे गळे बसलेले, तिचा तेवढा मोकळा. जोतिबाची गाणी ती स्वतःच जोडायची. "गळा देवानं दिला, पोट बी त्यानंच दिलं की," म्हणायची.

तिची सीडी काढायची टूम आमचीच. बचत गटातून तिला वीस हजारांचं कर्ज दिलं. जामीन मी राहिले. न बोलणाऱ्या बाईची सही लवकर मिळते.

सीडी निघून महिना झाल्यावर, चैत्राच्या यात्रेला बुट्टीत सीड्या घेऊन आम्ही दोघी जोतिबाच्या पायऱ्यांवर बसलो. पन्नासला एक. दुपारपर्यंत चार खपल्या. आणि समोरच्या मोबाइलच्या दुकानातून, कर्ण्यावर, तिचंच गाणं! दारावर पाटी होती: 'मेमरी कार्ड भरून मिळेल. वीस रुपयांत दोनशे गाणी.' तिथं ही रांग.

मावशी उठली, मी मागोमाग.

"पावणं, ह्यो आवाज माझा हाय."

"व्हय? मग नाव झालं की तुमचं! पेढं द्या मावशी."

"पेढं दीन. पर माझं ह्यात किती?"

त्यानं खरंच कॅल्क्युलेटर काढला. "दोनशात एक गाणं. दहा पैसं." रांगेकडं बघून डोळा मारला. "आता दहा पैसं चालत न्हाईत. सोडा देवाला."

रांग खदखदून हसली. गुलालानं माखलेली माणसं. नारळाला पैसे होते, पेढ्यांना होते, गळ्याला नव्हते. मला किळस आली. अजून येते.

तेवढ्यात माझ्या पिशवीत फोन वाजला. मावशीच्याच आवाजात. आठवड्यापूर्वी गारगोटीच्या बाजारात मीही कार्ड भरून घेतलं होतं, आणि त्यात तिचं गाणं निघालं म्हणून केवढी हरखले होते! मी पिशवी पोटाशी दाबून धरली. दुकानदाराला मनात घातलेल्या सगळ्या शिव्या माझ्यावरच उलटल्या.

"आवाज बरा निघतोय गं," मावशी एवढंच म्हणाली.

नंतर ती गायली नाही. हप्त्यासाठी दोन-दोन पाळ्या देठं खुडायची. कुणी म्हटलं, "मावशी, एखादं हू दे की," तर शांतपणे म्हणायची, "फोनात हाय की तुमच्या. लावा."

एकदा मी पन्नासची नोट तिच्यापुढं धरली.

"सीडी वाजवणार कशावर? तुझ्या घरात हाय काय?"

"न्हाय."

"मग?"

मी नोट तशीच धरून उभी राहिले. तिनं नोट घेतली, पण दुसऱ्या दिवशी सीडी आणून पदरानं पुसून माझ्या हातात दिली. "फुकटचं न्हाय घेत मी."

शाहूवाडीला लेकीकडं कायमची जायच्या आदल्या दिवशी ती गटाच्या बैठकीला आली. पदराची गाठ सोडून नोटा ठेवल्या. त्यात माझी पन्नासची होती, कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचं तिखट. मावशीचा हात सवयीनं कानाकडं गेला आणि पदर सारखा करून खाली आला. अध्यक्षबाईंनी दोनदा मोजलं. व्याजासकट सगळं फिटलं होतं.