'शे'चं 'आहे' झालं

"शुद्धलेखन कटाक्षाने तपासावे," एवढं ग्रुपवर टाकून मी चहाला गेलो. पुढचा सगळा घोटाळा या तीन शब्दांचा.

शहाद्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. यशोदाआजींनी एक जुनं पुस्तक आणून दिलं होतं. त्यांच्या आईच्या तोंडची अहिराणी लग्नगीतं; एकच प्रत उरलेली. आजींनी बजावलं होतं, "मन्ही मायना बोल बिघडना ते पुस्तक परत लई जासू." म्हणजे, आईचे बोल बिघडले तर पुस्तक परत नेणार.

पुस्तक स्कॅन केलं. स्कॅन म्हणजे पानाचा नुसता फोटो. त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करतं ते ओसीआर नावाचं सॉफ्टवेअर. ते अधूनमधून 'माय'चं 'भाय' करतं. म्हणून व्हॉलंटियर लागतात. पान आणि मजकूर शेजारी ठेवून दुरुस्त करायचं. आमचे बहुतेक व्हॉलंटियर निवृत्त शिक्षक. नोकरी सुटली, लाल पेन सुटलं नव्हतं.

आठ दिवसांत काम फत्ते! आजींना बोलावून मी ऐटीत वाचायला लागलो, "मांडवात नवरी माझी उभी आहे…"

"थांब रे भाऊ. हाई कोन बोली ऱ्हायनं?"

"तुमची आई, आजी."

"मन्ही माय 'आहे' म्हने नही. हाऊ ते शाळाना साहेब शे!" आणि त्यांनी पुस्तकासाठी हात पुढे केला.

मी तिथूनच पाटील गुरुजींना फोन लावला. व्हॉलंटियरांचे म्होरके तेच.

"गुरुजी, 'शे' कुठे गेले?"

"सगळे काढले! जन्मभर पोरांच्या वह्यांतून तेच काढलं."

"पण पानावर 'शे'च छापलंय."

"मग पानच अशुद्ध शे ना भो!"

एवढं बोलून त्यांनी घाईने फोन ठेवला. स्वतःचं वाक्य त्यांनाही ऐकू गेलं असावं.

सुदैवाने ओसीआरने, म्हणजे मशीनने, केलेलं पहिलं वाचन जपलेलं होतं. उघडून पाहिलं, तर त्यात प्रत्येक 'शे' जागच्या जागी. बिचाऱ्या मशीनला शाळाच नव्हती. मी ग्रुपवर नवी सूचना टाकली : जसं छापलं, तसं ठेवा. गुरुजी स्वतः येऊन आजींना एकेक ओळ वाचून दाखवू लागले. 'भाय' आलं, की आजी काठी आपटायच्या. शेवटी "आते मन्ही माय बोलनी," म्हणाल्या आणि पुस्तक वाचनालयात ठेवून गेल्या.

धडा एवढाच : सुधारायला बसवलेल्या माणसाला काय सुधारायचं नाही, ते आधी सांगावं.

हे मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बायको म्हणाली, "वीस वरीस व्हयनात, तुम्ही मन्हं बोलनं सुधारी ऱ्हायनात. आते तरी समजनं का? मी चुकस नही, अहिराणी बोलस."