रिकाम्या खुंट्याची चाकरी

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. मी तेव्हा उदगीरच्या कचेरीसमोर लिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहीत असे. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत आणि तालुका बोलणार मराठी, नाहीतर कानडी. म्हणजे एखाद्याची म्हैस हरवली तरी ती आधी उर्दूत हरवावी लागे, मग सरकारला दिसे. लोक मला मुंशीजी म्हणत आणि मलाही ते ऐकायला बरं वाटे.

या धंद्यातली एक खुबी मी माझ्या उस्तादाकडून शिकलो होतो. माणसाचं खरं कारण अर्जात तळाशी दडवायचं आणि वर असं कारण घालायचं की हाकिमाला नाही म्हणायची लाज वाटावी. पाटलाशी भांडण असलं तर वर विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायाबापड्यांचे हाल लिहायचे. असे हाल मी इतके लिहिले होते की झोपेतही मला दोन-चार विधवा आणि एक आंधळी सासू सहज सुचली असती.

माझ्या मागं काम भरपूर होतं. सकाळी एका अडत्याच्या पेढीवर हैद्राबादची पत्रं लिहायची, दिवसभर कचेरी, संध्याकाळी घरी येऊन बसलेले लोक. शुक्रवारी कचेरीला सुटी, पण मला कसली सुटी? उलट त्या दिवशी ओटा जास्तच भरे. मी त्रासलो आहे असं सगळ्यांना सांगत असे, आणि कुणी आलं नाही तर बेचैन होत असे.

या सगळ्यात एक गोष्ट राहून जात होती. माझी थोरली बहीण, आक्का, देवणीच्या अलीकडच्या एका खेड्यात दिली होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचं गाव आमच्यापासून आठ कोस. दोन भाऊबीजा माझ्याविना गेल्या होत्या. देवणीच्या बाजाराला येणाऱ्याजाणाऱ्यांजवळ ती सांगावा धाडी, "येऊन जा म्हनावं येकदा." मी उलट सांगावा धाडी, "घोडं घेतो आणि येतो." बैलगाडीनं जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात आणि मुंशीनं पायी जाणं बरं दिसत नाही, असा माझा हिशेब. घोडं असलं की शुक्रवारी सकाळी निघावं आणि रात्रीपर्यंत परत. हे मी दोन वर्षं सांगत होतो. घोडं मात्र कुठं विकत मिळतं याची मी चौकशीसुद्धा केली नव्हती.

मग एका पौषात घोडं आपल्या पायांनी चालत आलं. आमच्या गिरदावर साहेबांची, म्हणजे गावोगाव शेतसारा तपासणाऱ्या अंमलदाराची, नांदेडला बदली झाली. त्यांच्याकडे मालेगावच्या यात्रेतून आणलेली एक घोडी होती, चारी पाय पांढरे आणि कपाळावर चांद. ती त्यांना विकायची होती. लिंबाखाली येऊन ते मला म्हणाले, "मुंशीजी, तुम लेव. गले पे देवमण देखो. ऐसी घोडी नसीबवाले के दरवाजे पे बंधती."

देवमण म्हणजे घोड्याच्या गळ्यावरचा शुभ भोवरा. तो मला दिसला नाही. तरी मी मान अशी डोलावली की जन्मभर घोड्यांच्या गळ्याकडेच बघत आलो आहे. साहेबांनी महिन्याची मुदत दिली. तोवर त्यांना चार्ज द्यायचा होता.

त्या दिवशी मी घरी चालत गेलो खरा, पण मनानं टापा वाजवत गेलो. कचेरीसमोर घोडीवरून उतरतो आहे, लगाम कुणाच्या तरी हातात देतो आहे, आणि समोर अडत्या, वकील, हाकिमापुढं कागद ठेवणारा पेशकार सगळे रांगेनं उभे आहेत. या चित्रात आक्का कुठंच नव्हती, हे मला आज कबूल केलंच पाहिजे.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "बरं हाय की. पण असं तोंडी नको. साऱ्या तालुक्याचे अर्ज लिहिता, माझ्याकडं बी येक अर्ज करा."

मला वाटलं, गंमत करते आहे. म्हटलं, करू. रीतसर कागद घेतला, वर 'हुजूर' लिहिलं, खाली स्वतःला 'फिदवी', म्हणजे चरणांचा दास, म्हणवलं आणि झोकात दरखास्त रचली. ती उर्दू वाचत नव्हती, म्हणून मीच मराठीत वाचून दाखवली. दोन भाऊबीजा हुकल्या, आईच्या मायेनं वाढवणारी बहीण आठ कोसांवर वाट पाहते आहे, गाडीनं जावं तर रोजगार बुडतो, तरी मेहेरबान होऊन एक घोडी मंजूर व्हावी. वाचतावाचता मी 'बहीण'च्या आधी आणखी एक 'बिचारी' घातलं. अर्ज चांगला उतरला होता.

बायकोनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आक्कांना वर घातलं व्हय? आन् खरं कारण कुठं हाय?"

बारा वर्षांच्या संसारात ही बाई माझा धंदा शिकली होती, आणि मला पत्ता नव्हता.

तिनं शेरा दिला तो असा. घोडी घरात आली तर तिचं सगळं मी करायचं, कारण तिला स्वतःला दोन म्हशी, घर आणि माझा ओटा पुरेसा होता. मला ते झेपतं की नाही हे आधी बघायचं. म्हणून अंगणात खुंटा ठोकायचा आणि महिनाभर घोडीविना घोडी पाळायची. एक दिवस चुकला तर दरखास्त नामंजूर.

"हात्तिच्या!" मी म्हणालो. नसलेल्या घोडीला पाळण्यात काय अवघड असणार?

दुसऱ्या दिवशी तिनं खुंट्याला हळदकुंकू वाहिलं, जनावर यायच्या आधी वाहतात तसं, आणि माझ्या हातात घागर दिली. घोडीला दोन वेळा पाणी, म्हणजे आडावरून सहा घागरी. नसलेली घोडी पाणी पिईना, तेव्हा ते शेजारच्या म्हातारीच्या रांजणात जाऊ लागलं. म्हातारी माझ्या घोडीला रोज आशीर्वाद देई. गावाबाहेर जाऊन गवताचा भारा आणायचा, तो म्हशी खात. खरारा करायचा, तर तो म्हशींना. रोज संध्याकाळी हरभरे भिजवायचे आणि सकाळी खुंट्यापुढं ठेवायचे. ते मग परत घरात येत आणि त्यांची उसळ होई. घोडीचा खुराक आम्ही नवराबायकोनं महिनाभर खाल्ला. मला तर कधीकधी वाटे की आता खिंकाळी तेवढी यायची राहिली आहे.

कचेरीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. पेशकार येताजाता विचारी, "मुंशीजी, घोडीनं पानी पेलं का?" एक शेतकरी तर गंभीरपणानं सांगून गेला की, खुंट्याला दृष्ट लागंल, काळा दोरा बांधा. मी चिडलो की लोक आणखी चेव येऊन बोलत, म्हणून मी चिडणं सोडलं. हे माझ्या स्वभावात बसत नव्हतं.

पण सगळ्यात जाचक अट होती फिरवण्याची. बायकोनं कुठूनसं ऐकलं होतं की घोडं नुसतं बांधून ठेवलं तर त्याचे पाय भरतात, त्याला रोज दोन कोस तरी फिरवलं पाहिजे. म्हणून रोज उजाडता मी देवणीच्या वाटेनं एक कोस जायचं आणि परत फिरायचं. एका कोसावर ओढा होता, तिथवर. पहिले चार दिवस पोटऱ्या भरून आल्या. घोडीचे पाय शाबूत होते, माझेच भरले. आठव्या दिवसापासून मात्र चालणं जमू लागलं. दोन्ही बाजूंनी जोंधळा निसवलेला, हुरड्याचा वास, आणि अर्ज घेऊन मागं लागणारं कुणी नाही. ओढ्यापासून परत फिरताना मला चक्क वाईट वाटू लागलं.

आश्चर्य असं की या सगळ्याला वेळ मिळत होता. अडत्याची पत्रं दुपारी लिहिली तरी हैद्राबादला पूर्वीइतक्याच दिवसांत पोचत. ओट्यावर लोक थांबत, कुणी मेलं नाही. माझ्यावाचून तालुका अडतो हा माझा समज त्या महिन्यात बराच पातळ झाला.

पंचविसाव्या दिवशी शुक्रवार होता. ओढ्यावर पोचलो आणि दगडावर बसून सहज हिशेब केला. रोजचे दोन कोस, चोवीस दिवस, अठ्ठेचाळीस कोस झाले. आक्काच्या दाराशी मी तीनदा जाऊन आलो असतो. तीनदा! नसलेल्या घोडीसाठी.

मी पायातल्या वहाणा घट्ट केल्या. मग उठलो आणि ओढा ओलांडला. समोरून उदगीरकडे निघालेला एक गाडीवान भेटला, त्याच्याजवळ घरी निरोप दिला की घोडी आज जरा लांब जाते आहे.

दुपार कलता आक्काच्या अंगणात पोचलो. ती तूर झोडपत होती. मला बघून हातातलं दांडकं खाली टाकलं, आणि माझ्याकडं न येता माझ्या मागं, वाटेकडं बघत राहिली.

"घोडं कुठं हाय?" तिनं विचारलं.

तेव्हा माझं लक्ष गेलं. गोठ्यात दाजींचे देवणी बैल होते, आणि त्यांच्यापासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात एकटा खुंटा होता. वर दोर गुंडाळून ठेवलेला, बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"तुझाच की. तूच सांगावा धाडलास ना, घोडं घेतो आन् येतो. बैलाजवळ बांधलं तर लाथा घालंल, म्हून ह्यास्नी सांगून येगळा रवून घेतला. दोन वर्सं झाली. कडबा तेवढा नवा हाय, औंदाचा." मग माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघत म्हणाली, "घोडं न्हाई आलं?"

"न्हाई. पायी आलो."

तिनं पदरानं हात पुसले.

"आरं, आठ कोसच हाय की. तू घोड्याची वाट बघत बसलास, आन् मी तुझी."

तालुक्यातल्या प्रत्येक चुकीला कारण पुरवणारा माणूस मी. त्या वेळी मला एकही कारण सुचलं नाही. लाज वाटली, फार वाटली. मी नुसता तिच्या पायाशी वाकलो, आणि तिनं पाठीत एक जोराचा धपाटा घातला. तो दोन भाऊबीजांचा होता.

दुसऱ्या दिवशी घरी परतलो. बायकोनं घोडी कुठवर गेली होती ते विचारलं नाही, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"दरखास्तीचं काय करायचं?" ती म्हणाली.

"मागं घेतो," मी म्हणालो.

गिरदावर साहेबांची घोडी एका देशमुखांनी घेतली. ते तिच्यावरून कचेरीसमोर उतरत तेव्हा माझ्या पोटात थोडं दुखे, खोटं कशाला सांगू? पण महिन्यातून एका शुक्रवारी मी ओढा ओलांडत राहिलो. आक्कानं तो खुंटा काही काढू दिला नाही. मी अंगणात शिरलो की ती आतूनच दाजींना हाक मारी, "आली वं माझी घोडी. पानी दाखवा तिला."