बाकावर बसलेले भासरे

आमच्या अमरावतीच्या ऑफिसात माझा तापटपणा सगळ्यांना ठाऊक आहे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे आधी माझा चेहरा बघतात आणि मग बोलायचं की नाही ते ठरवतात. त्याला माझा इलाज नाही. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांसाठी दवाखान्याची आखणी करणं हे माझं काम, आणि हे काम करताना ज्याला राग येत नाही त्याला कामच कळलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पोरं पुण्याला गेली, नागपूरला गेली, अगदीच नाही तर अकोल्याला तरी गेली. मागे राहिले आईबाप. त्यांचे गुडघे, त्यांची शुगर, त्यांचे मोतीबिंदू. आणि डॉक्टर बसणार तालुक्याला! तिथवर जायचं म्हणजे ऑटोत कोंबून घ्यायचं, दिवसभर रांगेत ताटकळायचं आणि परत येताना नवं दुखणं घेऊन यायचं.

म्हणून आम्ही ठरवलं, डॉक्टरलाच गावात न्यायचं. दर मंगळवारी ज्येष्ठांचा दवाखाना. साहेबांनी विचारलं, पहिलं गाव कोणतं घ्यायचं? मी नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडचं माझं माहेर पुढे केलं. वशिला लावला म्हणा हवं तर, मला काही वाटत नाही.

कारण तिथे माझी काकू होती. माझी आई मी लहान असतानाच गेली. माझ्या वेण्या घातल्या त्या काकूनं, मला मारलं काकूनं, सासरी पाठवताना हंबरडा फोडला तोही काकूनंच. पुढे काकाही गेले. काकूची लेक अकोल्याला दिलेली. आता त्या घरात दोघंच उरली होती, माझे बाबा आणि काकू. काकू रांधायची, बाबा जेवायचे. दोघंही ऐंशीच्या घरातली.

काकूला शुगर, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम. कशानं झाली तेही तिला सांगता येईना. मी एकदा बळजबरीनं तिला नांदगावला नेलं. डॉक्टरांनी बजावलं, दर आठवड्याला दाखवायचं, हयगय केली तर पाय जाईल. दुसऱ्या खेपेला ती ऑटोत बसायलाच तयार नाही. धक्क्यांनी पाय ठणकतो म्हणाली. तेव्हा हा दवाखाना मला कोणासाठी हवा होता, ते उघडच आहे. तिचा पाय वाचायला हवा होता.

आखणी मात्र मी झकास केली. गावात बैठक घेतली. सरपंचबाई होत्या, मास्तर होते, बाबा तर पहिल्या रांगेत. उपकेंद्राच्या दाराशी रॅम्प, रॅम्पला कठडा, व्हरांड्यात टेकायला पाठ असलेले लांब बाक, पिण्याचं पाणी, वर सावली. बाजाराचा वार टाळला. रॅम्पचा उतार किती असावा यावर तर मास्तर आणि मी भांडलो. दवाखाना सुरू झाला त्या दिवशी मला एवढं भरून आलं की मी कोणावरही ओरडले नाही.

पुरुष आले. काय थाटात आले! धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी. बाबांनी पहिल्याच मंगळवारी बाकाचं दाराजवळचं टोक धरलं आणि ते कायमचं त्यांचं झालं. बीपी तपासून बाहेर आलेल्या प्रत्येकाला ते मोठ्यानं विचारायचे, "किती निघालं रे तुह्यं?" आकडा ऐकला की, "माह्याहून कमी हाय," म्हणून छाती फुगवायचे. बीपी जास्त असणं हा त्यांना मान वाटायचा. डॉक्टरीणबाई अकोल्याची तरुण मुलगी. ती हसून हसून बेजार. तपासणी झाली तरी कोणी घरी जायचं नाव घेत नसे. दुपारपर्यंत त्या व्हरांड्यात नुसता हास्याचा गदारोळ.

बायका मात्र येईनात. दोन-चार आल्या, त्याही बाहेरगावाहून लेकीकडे राहायला आलेल्या. मी घरोघरी निरोप पाठवले. उत्तरं ठरलेली. आज पाहुणे आहेत, आज डाळ भरडायची आहे, आज बरं वाटून राहिलं. बरं वाटून राहिलं म्हणे! काकूही येईना. एका मंगळवारी मी तिला कुंपणाशी बघितलं. काठी टेकत आली, व्हरांड्याकडे पाहिलं, आणि पदर सावरून आली तशी परत फिरली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरीणबाईंची गाडी निघाली तशी मी तडक घरी गेले.

काकू चुलीपुढे बसली होती. पायाला जुन्या लुगड्याची पट्टी.

"काकू, दवाखान्यापर्यंत आली व्हती ना तू? मंग वापस काहून आली?"

"बाकावर जागा नव्हती वं."

"खोटं नको बोलू. अर्धा बाक खाली व्हता."

"अवं, थे बसले व्हते ना तिथी!"

"थे कोन?"

काकूनं हनुवटीनंच पुढच्या खोलीकडे दाखवलं. तिथे बाबा पेपर वाचत बसले होते.

"तं मंग उभी राह्यची!"

"उभी राहू? अन् पाय कसा दाखवू? लुगडं वर करून, त्याईच्या म्होरं? शिकली-सवरली तं लाज इकून खाल्ली काय तुनं?"

 हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी तर यातच वाढले. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडच्या त्या पिढीतली बाई भासऱ्यासमोर बाजेवर बसत नाही, खुर्चीवर बसत नाही, तोंड वर करत नाही आणि त्याच्याशी बोलत तर मुळीच नाही. काकू लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून आजवर तिनं आणि बाबांनी एकमेकांशी एक शब्द उच्चारला नव्हता. दोघांचं काही बिनसलं होतं असं नव्हे. बाबांना कुठली भाजी आवडते, कोणत्या कुशीवर झोप लागते, सगळं तिला ठाऊक. फक्त बोलायचं नाही. माझ्या लहानपणी निरोप पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मी सासरी गेल्यावर ते बकरीकडे आलं. बाबा अंगणात बकरीला सांगायचे, "आज भूक नाही म्हना, अर्धीच भाकर." काकू चुलीपासून बकरीलाच उत्तर द्यायची, "सकायपासून पोटात काही नाही अन् म्हनते भूक नाही. गुमान खा म्हना." बकरी बिचारी पाला खात दोघांचं ऐकून घ्यायची.

मी त्याच संध्याकाळी आळीतल्या बायकांकडे जाऊन बसले. सगळ्यांचं तेच. नात्यानं म्हणा, गावकीनं म्हणा, बाबा निम्म्या आळीचे भासरे. उरलेल्या निम्म्या आळीचे भासरे बाबांच्या शेजारी बसलेले! त्या व्हरांड्यातून आत जायचं म्हणजे सगळ्या भासऱ्यांसमोरून जायचं, आणि नंबर येईपर्यंत त्यांच्यासमोर बाकावर टेकायचं. बैठकीत सरपंचबाई होत्या, त्याही याच गावच्या सून. मी याच गावची लेक. आम्ही रॅम्पवर भांडलो, पण हे कोणाच्या तोंडून निघालं नाही. पाणी ओलं असतं हे कोणी बैठकीत सांगतं का, तसलीच ही गोष्ट.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, बायकांसाठी वेगळा दिवस म्हणजे वेगळा डॉक्टर. कुठून आणू?" त्यावर मी फोनवर काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग बाबांना सांगितलं. ते आधी भडकले. "मी काय वाघ हाय, बाया माह्यापासून पळाले?" थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उतरला. "मी येनं बंद करतो मंग," म्हणाले. मला वाईट वाटलं. त्यांचा मंगळवार हा त्यांचा सण झाला होता. आणि ते उठले तरी काय उपयोग? दुसरा कोणाचा तरी भासरा बसलेलाच.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी काकूबरोबर प्रार्थना मंदिरात गेले. आमच्या भागातल्या कितीतरी गावांत मोझरीच्या आश्रमाच्या वळणाची सामुदायिक प्रार्थना होते, आमच्याही गावात होते. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, सगळे जमिनीवर सतरंजीवर, सगळ्यांची तोंडं पुढे. बायांचं दार वेगळं. डोळे मिटून बसले होते, आणि मला एकदम जाणवलं की बाबा त्या बाजूला आहेत आणि काकू माझ्या शेजारी निवांत मांडी घालून बसली आहे. पदरसुद्धा सैल. मी प्रार्थनेत डोळे उघडून वेड्यासारखी इकडेतिकडे बघत राहिले. काकूनं मला कोपरानं ढोसलं.

पुढच्या मंगळवारी दवाखाना प्रार्थना मंदिरात भरला. मधे पडदा, डॉक्टरीणबाई थोडा वेळ बायांच्या बाजूला, थोडा वेळ पुरुषांकडे. इतके पैसे घालून बांधलेला रॅम्प तिकडे ओस पडला, पडू दे. बायांची ही गर्दी! कोणाचे गुडघे, कोणाचा श्वास, आणि एकीनं तर वर्षानुवर्षं लपवलेली गाठ दाखवली. पडद्यापलीकडून बाबांचा आवाज येत होता, "किती निघालं रे?" आणि अलीकडे बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

मग काकूचा नंबर आला. डॉक्टरीणबाईनं पट्टी सोडली. हळदीचा थर पुसला. अंगठा काळा पडला होता. मघापासून हसणाऱ्या त्या मुलीनं हातमोजे काढले. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजच्या आज अमरावती. अंगठा काढावा लागेल. आता काढला तर पाय वाचेल. थांबलात तर मी काही सांगू शकत नाही."

अमरावतीच्या दवाखान्यात काकूला दाखल केलं आणि तिथे ती अडून बसली. अंगठा कापू देणार नाही. "देवानं सारं आंग देल्लं, सारंच वापस नेईन." लेक अकोल्याहून धावत आली, रडली, पाया पडली. सर्जननं समजावलं. मी आधी गोड बोलले, मग ओरडले, मग पुन्हा गोड बोलले. काकू भिंतीकडे तोंड करून पडून. ताप चढत होता. सर्जन म्हणाले, उद्या दुपारपर्यंत ठरवा, नंतर गुडघ्याखालून कापायची वेळ येईल, आणि या वयात ते झेपेल का सांगता येत नाही.  काकू मरेल हे मी पहिल्यांदा मनातल्या मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले. एकटे, एसटीनं. बायकांच्या वॉर्डाच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. काकूला चाहूल लागली तशी तिनं पदर कपाळाखाली ओढला आणि पलंगावरून उतरायला लागली. तशा तापात, तशा पायानं! लेकीनं आणि मी तिला धरून ठेवलं. बाबांनी लगेच पाठ फिरवली, दाराच्या चौकटीकडे तोंड केलं आणि मला म्हणाले, "सांग तिले..."

माझं डोकंच फिरलं. "मी नाही सांगत," मी ओरडले. सारा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला. "जलमभर सांगत आली मी. इथे बकरी नाही अन् मी बी नाही. काय सांगाचं थे तुमीच सांगा."

बाबांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली.  मग पाठ तशीच ठेवून ते बोलले. माझ्याशी नाही.

"बाई," ते म्हणाले. "जाऊ दे थो अंगठा. तुह्यी जाऊ गेली, माहा भाऊ गेला. माह्याशी बोलनारे सारेच गेले. आता तू बी गेली, तं मंग म्या कोनाशी नाही बोलाचं?"

काकूचा चेहरा पदराआड होता. खांदे हलत होते, ती रडत होती की काय मला दिसेना. लेक तिचा हात धरून बसली होती. बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मग काकूनं पदरातूनच मला जवळ बोलावलं. 

"बोलाव डॉक्टरले," ती म्हणाली. "अन् लवकर आटप म्हना. मले घरी जाऊन सैपाक कराचा हाय."

मी तिथेच, भर वॉर्डात, मोठ्यानं भोकाड पसरलं, आणि सिस्टर माझ्यावर ओरडली.