सव्वा मूठ गहू

सटाण्याच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली तेव्हा माझी माय माझ्या पायाशी ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या बॅगेकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. याआधी एकदा मी हे गाव सोडलं होतं, तेव्हा फुलांनी सजवलेली गाडी होती आणि निरोपाला सगळी आळी लोटली होती. या वेळी फक्त माय होती. लग्न मोडून घरी आलेली पोर चार महिन्यांत पुन्हा कुठे निघाली, हे लोकांना समजावून सांगायचं काम तिच्यावर टाकून मी खिडकीची जागा धरली. वडील, म्हणजे आमचे नाना, घरूनच म्हणाले होते, "फोटो काढीसन पोट भरस का?" आणि उत्तराची वाट न बघता पेपर उघडला होता. मायने खिडकीतून भाकरीचं फडकं आत दिलं आणि "जेवी लेजो" एवढंच म्हणाली. भावडबारीचा घाट उतरला, पिंपळगाव मागे पडलं, तरी मी ते फडकं सोडलं नाही. भूक होती. पण सोडलं असतं तर रडले असते, आणि शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते.

हे मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांसाठीही. राहिलेल्यांना वाटतं, ही शहरात मजेत आहे. निघालेल्यांना माहीत असतं की मजा आणि धावपळ यांतला फरक आपल्यालाही नेहमी कळत नाही.

नाशिकमध्ये फ्रीलान्स फोटोग्राफर म्हणजे फोन वाजला की निघणारी बाई. सकाळी गंगापूर रोडला विकायला काढलेला फ्लॅट असतो. तिथे आजोबांची काठी, औषधांचा डबा आणि फ्रिजवरचे देवांचे स्टिकर फ्रेमबाहेर घालवायचे, म्हणजे घेणाऱ्याला इथे कुणी राहत नव्हतं असं वाटतं. दुपारी एखाद्या हॉटेलच्या मेनूकार्डासाठी मिसळ, आणि तर्री गार व्हायच्या आत आटपायचं. संध्याकाळी नाशिक रोडला कुणाचा तरी निवृत्तीचा समारंभ, नाहीतर इंदिरानगरला डोहाळजेवण. हंगामात द्राक्षं. निर्यातवाले बजावून सांगतात की घडावरची पांढरी लव पुसू नका, मग मी बाळाला उचलावं तशी देठाला धरून घड उचलते. एकदा एका संस्थेच्या देणगीपत्रकासाठी पेठकडच्या आदिवासी शाळांतल्या पोरांचे फोटो काढायला गेले, तर संस्थेच्या साहेबांना ती जरा कमी हसरी हवी होती. मी त्यांच्याशी भांडले. पुन्हा बोलावणं आलं नाही.

सटाण्यात असताना एका जागी बसून राहणं ही शिक्षा वाटायची. आता एका जागी बसायचं म्हटलं की पाय हलायला लागतात. भाड्याची घरं इतकी बदलली की पंचवटी, सिडको, पाथर्डी फाटा, कुठल्या घरात गॅसचं बटण कुठल्या बाजूला होतं ते आठवायला थांबावं लागतं.

सगळं काम दुसऱ्यांसाठी करायचं तर आपलं म्हणून काहीतरी असावं, म्हणून मी चपलांचे फोटो काढते. ज्या घरी कामाला जाते त्या घराच्या दारात पडलेल्या चपलांचे. लग्नघरी ढीग असतो, बारशाला छोटे बूट मधेच चमकतात, मयताच्या घरी चपला नेहमीपेक्षा नीट ओळीत असतात. कुणी विचारलं नाही, पैसे मिळत नाहीत, पण हार्डडिस्क भरत आली आहे. फोटो काढण्याआधी एक गोष्ट मात्र न चुकता करते. स्वतःची चप्पल पायाने बाजूला सरकवते. मी त्या घरची नाही, मग फोटोत कशाला?

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या बागलाणात, खानदेशात घरोघरी कानबाई बसते. नारळाला नथ घालून, सजवून चौरंगावर मांडतात, रात्रभर गाणी म्हणतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे आणि त्याचे जाड रोट भाजायचे. आमच्या घरी त्याचे नियम कडक. रोट भावकीनेच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लेक घरात आहे तोवर बापाच्या मुठीतलं खाते. लग्न झालं की तो रोट तिला बंद, ती नवऱ्याच्या रोटातली होते.

माझं सासर नोकरदार, नाशिक रोडच्या कॉलनीतलं. त्यांच्यात कानबाईच नव्हती. म्हणजे बापाचा रोट गेला आणि नवऱ्याचा मिळाला नाही. पुढे लग्नही गेलं. लग्न मोडलेल्या लेकीने कोणाचा रोट खायचा, यावर आमच्या भावकीत कधी बोलणं झालं नव्हतं, कारण बोलावं लागेल अशी लेक माझ्याआधी कुणाच्या घरात नव्हती. विचारलं असतं तर मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, नाही म्हणाली असती. कानबाईच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. ते 'नाही' मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी विचारलं नाही आणि श्रावणातला तो रविवार दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कामाने भरून टाकत राहिले.

गेल्या श्रावणात त्या रविवारचं कामच कानबाईचं आलं. सिडकोतलं एक खानदेशी कुटुंब, मुलगा परदेशातून आलेला, त्याला सगळं 'डॉक्युमेंटरी टाइप' हवं होतं. मी हो म्हटलं. दुसऱ्यांची कानबाई बघायला काय हरकत आहे, अशी मी माझी समजूत घातली.

स्थापना छान झाली, बायकांनी गाणी धरली, मी मांडवाखाली गुडघ्यांवर रांगत फोटो काढत होते. मग स्वयंपाकघरातून रोटांचं ताट आलं. वर ट्यूबलाइट, रोटांचा खरपूस रंग अगदी मेलेला दिसत होता. बाहेर जिन्याच्या खिडकीत ढगाळ दिवसाचा सुंदर मऊ उजेड पडला होता. मी काही विचार केला असं मला आठवत नाही. ताट उचललं आणि दाराकडे निघाले. माझा एक पाय उंबऱ्याबाहेर, ताट अजून आत, आणि मागे गाणं थांबलं.

मुलगा घाईने म्हणाला, "असू दे, मॅडमना माहीत नसेल."

"माहीत शे," मी म्हणाले. तोंडातून अहिराणीच निघाली. ताट घेऊन मी जागच्या जागी उभी राहिले.

घरातल्या आजी पुढे आल्या. रागावल्या नाहीत. माझ्या हातातून ताट काढून घेतलं आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "आपलाकडली शे ना तू, माय? मंग कोना रोटमानी शे?"

कोणाच्या रोटातली. आमच्याकडे हे सहज विचारतात, जसं कुणी गाव विचारावं. मी बॅगेत दुसरी लेन्स शोधायला लागले. ती गळ्यातल्या कॅमेऱ्यालाच लावलेली होती.

जेवायच्या वेळी घरचे सगळे रोटाला बसले आणि सुनेने मला बाहेरच्या खोलीत गरम पोहे आणून दिले, वर खोबरं, कोथिंबीर, सगळं मन लावून केलेलं. त्यांचं काही चुकलं नाही. मी परकी होते, मला त्यांचा रोट कसा मिळणार? पण आतून रोटासोबतच्या गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा वास येत होता आणि मी पोह्यांवरचं खोबरं बाजूला काढत बसले. इतकी वर्षं मी कामात आहे, कामात आहे, असं जे म्हणत होते, ते खरं म्हणजे या प्रश्नापासून पळणं होतं, हे मला त्या सोफ्यावर कळलं.

सोमवारी गोदावरीवर विसर्जन झालं, शेवटचा फोटो काढला आणि मी बॅगेसकट थेट स्टँड गाठलं. घरी कळवलं नाही. कळवलं असतं तर मला रोट द्यायचा की नाही, याचा कुणीतरी आधीच विचार करून ठेवला असता.

दुपारी पोचले तेव्हा नाना ओट्यावर होते. "काम बंद शे का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. दारात चपलांचा ढीग होता, सगळी भावकी जमलेली. आत माय, वहिनी आणि मोठी माय बसल्या होत्या. मी पाणी प्यायले. कशी आलीस, का आलीस, कुणी विचारलं नाही. माय उठली, आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात रोट होता.

"तिले नही चालत," मोठी माय म्हणाली. आवाजात काही दुष्टावा नव्हता. रस्ता चुकलेल्याला सांगावं तसं सांगितलं.

माय माझ्याकडे बघून म्हणाली, "खाय. तुनी मूठ टाकेल शे."

"कधी टाकी?" मोठ्या मायने विचारलं.

"दर साल टाकस. कानबाईले सांगेल शे मी."

देवीशी परस्पर झालेल्या बोलण्यात मोठी माय तरी काय बोलणार? मी मात्र हिशेब लावत होते. मूठ दर वर्षी पडत होती, मी एकदाही आले नव्हते, रोट घराबाहेर जात नाही आणि पौर्णिमेपुढे उरत नाही. मी विचारलं, मग माझा रोट खायचं कोण?

वहिनीने सांगितलं. आई खातात, म्हणाली. वरचे दात गेल्यापासून त्यांना चावत नाही, तर दुधात भिजवून, चुरून, पौर्णिमेपर्यंत रोज थोडा थोडा. आम्ही खातो म्हटलं तर देत नाहीत. ती तिची मूठ आहे म्हणतात, ती येईपर्यंत मीच सांभाळणार.

मी रोटाचा तुकडा मोडला. आदल्या दिवशीचा, कडक झालेला. माझे सगळे दात शाबूत असून जबडा दुखायला लागला. मी रडत होते आणि खात होते, आणि दोन्ही लपवायचा प्रयत्न करून काही उपयोग नव्हता. मोठी माय उठून पुढच्या खोलीत गेली. ती रागावली होती का, ते मला आजही कळलेलं नाही. तिथूनच तिने वहिनीला सांगितलं की त्या पोरीला कोरडं नको देऊस, तूप गरम कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजायला लागले. फ्लॅट, मेनूकार्ड, सिडकोवाल्यांचं 'मॅडम, फोटो कधी?' माझे पाय हलायला लागलेच होते. ते काही बदललं नाही, बदलेल असं वाटतही नाही. निघताना सवयीने दारातल्या चपलांचा फोटो काढला आणि बसमध्ये बसल्यावर पाहिला. नानांचे जुने सँडल, वहिनीची हिरवी स्लीपर, मोठ्या मायची झिजलेली चप्पल, आणि त्यांच्यामध्ये एक पाय उलटा पडलेली माझी. ती सरकवायची राहून गेली होती. सकाळपासून मी अनवाणीच आत-बाहेर करत होते, फोटो काढतानाही तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

माय स्टँडवर आली होती. बॅगेकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "पुढला साल तू ये नहीते नको ये. मी टाकसू."

या वर्षी श्रावणातल्या त्याच रविवारी एका मोठ्या साखरपुड्याचं काम आलं. मी नाही म्हटलं. समोरच्या माणसाने कारण विचारलं, पुन्हा विचारलं, तारीख जुळवून घेऊ म्हणाला. घरी जायचं आहे एवढंच मी सांगितलं. घर कुठे तुमचं, असं त्याने विचारलं, तेव्हा मी सटाणा म्हणाले. खरं उत्तर फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी गेले नाही तर माझा वाटा वाया जात नाही. दात नसलेली एक बाई पौर्णिमेपर्यंत तो दुधात भिजवून खात बसते.