पासवर्ड सांगा, बाई

मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, ‘पासवर्ड कुणालाही सांगू नका,’ आणि माझं डोकंच फिरलं.

याच बँकेच्या आदिलाबादच्या शाखेत मी कारकून होते. दुसऱ्या बँकेला पैसे द्यायचा संदेश धाडायचा तर एकानं टाइप करायचा, दुसऱ्यानं वाचून सोडायचा. सोडायचं काम माझं, माझा पासवर्ड टाकून. एका दुपारी आम्ही सगळ्यांनी डबे उघडले, लोणच्याचा वास सुटला, तोच मॅनेजर आले.

“बाई, तुमचा पासवर्ड सांगा. मीच सोडतो, तुमी जेवा.”

“काऊन? मी वाचल्याबिगर संदेश जाणार नाही.”

“बाकी सगळ्यांनी दिला. तुमचाच आमच्यावर भरोसा नाही?”

सगळे हातातला घास हातातच धरून माझ्याकडे पाहून राह्यले होते.

“नाही,” मी म्हटलं.

पंधरवड्यात त्यांनी वर सांगून माझी बदली मंचेरियलला करवली. ज्या गोष्टीपायी मला तिकडं फेकलं, तीच गोष्ट आता ही बँक मलाच बजावून राह्यली!